चित्ता आणि त्याचा राजाश्रय

एखाद्या गांवच्या शिवारांत रात्रीं जनावर शिरावें, शेळी उचलून न्यावी, आणि दुसरे दिवशीं वर्तमानपत्रांत ‘गांवांत चित्ता आला’ अशी बातमी यावी, हा प्रकार आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. वस्तुतः तें जनावर चित्ता नसून बिबट्या असतें. गेल्या वर्षीं आम्हीं वर्गांतील विद्यार्थ्यांस चित्त्याचें वर्णन करण्यास सांगितलें, तेव्हां बहुतेकांनीं बिबट्याचेंच वर्णन केलें. यांत त्यांचा दोष नाहीं. जें जनावर ह्या देशांत कोणाच्याहि आजोबांनीं रानांत पाहिलेलें नाहीं, त्याचें नांव दुसऱ्या जनावरास चिकटलें तर नवल नव्हे.

ह्या नांवाचाच इतिहास मोठा उद्बोधक आहे. संस्कृतांत ‘चित्रक’ म्हणजे ठिपक्यांचा; त्यावरून हिंदींत चीता, मराठींत चित्ता, आणि आमच्याकडूनच तें नांव इंग्रजींत गेलें. आज आफ्रिकेंतील माळावर धांवणाऱ्या प्राण्यास सारें जग आमच्या शब्दानें हांक मारितें. शब्द जगभर पसरला, आणि ज्याच्यासाठीं तो निर्माण झाला तो प्राणी मात्र ज्या भूमींत हें नांव मिळालें त्या भूमींतून नाहींसा झाला. तो कसा नाहींसा झाला, हें पाहण्याचा येथें विचार आहे. वाघाचा नाश माणसानें भीतीमुळें केला, लांडग्याचा द्वेषामुळें केला असें म्हणतां येईल. चित्त्याची गोष्ट निराळी आहे. त्याची भीति कोणास नव्हती. त्यानें माणसें मारलीं नाहींत. उलट आठशें वर्षें त्याचें कौतुक झालें, आणि आमच्या मतें त्याच्या नाशास ह्या कौतुकाचा मोठा हातभार लागला.

प्रथम त्याची शरीररचना पाहूं. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखीं वर्तुळें असतात. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात. डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत एक काळी रेघ उतरलेली असते, ती अश्रु ओघळल्यासारखी दिसते. मार्जारकुळांतील असूनहि त्याचीं नखें मांजरासारखीं पूर्णपणें आंत ओढलीं जात नाहींत. तीं धांवतांना जमिनींत रुततात व पाय घसरूं देत नाहींत. पाठीचा कणा धनुष्यासारखा वांकतो व सुटतो, लांब शेपटी वळतांना तोल सांवरते. ह्या साहित्याच्या बळावर तो कांहीं क्षणांतच ताशीं नव्वद-शंभर किलोमीटरचा वेग गांठतो. जमिनीवर त्याच्याइतकें वेगानें धांवणारें दुसरें जनावर नाहीं.

परंतु निसर्गाच्या बाजारांत कांहींहि फुकट मिळत नाहीं. भरपूर श्वास घेतां यावा म्हणून नाकाच्या वाटा रुंद झाल्या, तेव्हां सुळ्यांस जागा कमी पडली व ते लहान राहिले. अंग हलकें झालें, त्याबरोबर लढण्याची शक्ति गेली. कांहींशें यार्ड धांवल्यावर त्यास धापा टाकीत पडून राहावें लागतें, आणि तेवढ्यांत एखादें धटिंगण जनावर येऊन त्याची शिकार हिसकावून नेतें. शिवाय ही विद्या जन्मतः येत नाहीं. पिलें सुमारें दीड वर्ष आईबरोबर राहतात व तिच्याकडून शिकार शिकतात. एका कलेसाठीं बाकी सर्व कलांवर पाणी सोडलेला हा प्राणी होय, आणि त्या कलेस मोकळें माळरान व माळावरील काळवीट हीं दोन अवश्य होतीं.

माणसाची दृष्टि ह्या कलेकडे केव्हां वळली? हिंदुस्थानांत चित्त्यांकरवीं शिकार करण्याचें जुन्यांत जुनें वर्णन दख्खनचेंच आहे, ही गोष्ट मराठी वाचकांस विशेष वाटावी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत रचिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत राजांच्या करमणुकींमध्यें ह्या शिकारीचा समावेश केलेला आहे. पुढें मोगलांच्या काळीं ह्या करमणुकीस राज्यकारभाराच्या एका खात्याचें रूप आलें. अबुल फजलनें ‘आइने अकबरी’ंत चित्त्यांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गास किती मांस मिळे तें लिहून ठेविलें आहे. एका चित्त्यानें रुंद ओढ्यावरून उडी मारून हरिण पकडलें, तेव्हां अकबरानें त्यास सर्व चित्त्यांचा मुख्य नेमून त्याच्यापुढें नगारा वाजविण्याची आज्ञा केली. कौतुकाची याहून मोठी सीमा कोणती?

पण हे चित्ते येत कोठून, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यानें विचारलाच पाहिजे. पिलूं धरून उपयोग नसे; कारण आईनें न शिकविलेल्या चित्त्यास शिकार येत नाहीं, आणि माणसास ती शिकवितां येत नाहीं. म्हणून रानांत वाढलेला, आपल्या विद्येंत तयार झालेला चित्ताच धरावा लागे. माणूस त्यास फक्त माणसाळवीत असे. त्यास धरण्यासाठीं खड्डे खणीत, किंवा फांसे लावीत. ह्या फांशांची जागा मोठ्या हुशारीनें निवडलेली असे. चित्त्यांस कांहीं ठराविक झाडांपाशीं वारंवार येण्याची, तेथें नखें घासण्याची व आपल्या वासाची खूण ठेवण्याची संवय असते. विस्तीर्ण माळावर विखुरलेल्या ह्या प्राण्यांस एकमेकांची वार्ता कळावी म्हणून निसर्गानें केलेली ही जणूं टपालाची व्यवस्था होती. पारध्यांनीं तें झाड हेरलें व त्याच्याभोंवतीं स्नायूंचे फांसे पसरले. ज्या खुणेनें नर-मादीची गांठ पडावयाची, त्याच खुणेनें त्यांच्या गळ्यांत पट्टा पडला.

ह्या पुढची गोष्ट जहांगीरानें आपल्या आत्मवृत्तांत नोंदविली आहे. त्याच्या बापापाशीं एके काळीं हजार चित्ते होते, आणि त्यांची पैदास व्हावी अशी त्याची फार इच्छा होती. नर-मादीस बागेंत मोकळें सोडूनहि पाहिलें, पण व्यर्थ. पुढें १६१३ सालीं एक नर पट्टा सोडवून मादीकडे गेला, आणि तिला तीन पिलें झालीं. बादशहास हें इतकें अद्भुत वाटलें कीं त्यानें तें लिहून ठेविलें. तें अद्भुत होतेंच. कारण बंदिवासांत चित्त्यास पिलें झाल्याची ह्यानंतरची नोंद थेट १९५६ सालची, अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयांतली आहे. मध्यें ३४३ वर्षें गेलीं!

येथें साधा हिशेब मांडून पाहावा. घोडा, हत्ती, बैल हीं जनावरें राजांनीं पाळलीं; पण घोड्याची पैदास तबेल्यांत होते, आणि हत्तीण बंदिवासांतहि कधीं कधीं विते. चित्त्याच्या बाबतींत जमेची बाजू शून्य होती. दरबारांत दिसणारा प्रत्येक चित्ता म्हणजे रानांतील एक जाणता नर किंवा मादी कायमची वजा. चित्ताखान्यांतील हजार चित्त्यांकडे बादशहा वैभव म्हणून पाहत होता. रानाच्या खातेवहींत ती हजारांची तूट होती. हें एका बादशहाच्या काळीं नव्हे, शतकानुशतकें अनेक दरबारांत चालू राहिलें. त्यांत मूळ भांडवलच बेताचें. ह्या जातीवर दहा-बारा हजार वर्षांपूर्वीं मोठें संकट आलें असावें व थोडेच प्राणी वांचले असावेत, असें शास्त्रज्ञ सांगतात. कारण आजचे चित्ते रक्तानें एकमेकांच्या इतके जवळचे आहेत कीं एकाच्या कातड्याचा तुकडा दुसऱ्या, नात्याबाहेरच्या चित्त्याच्या अंगावर बसविला तरी त्याचें शरीर तो झिडकारीत नाहीं.

आमचीं मराठी संस्थानें ह्या शौकांत मागें नव्हतीं. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांच्या पदरीं असलेल्या चित्त्यांची शिकार फ्रेंच प्रवासी लुई रूसले यानें पाहून तिचें वर्णन केलें आहे. कोल्हापुरास तर हा शौक विसाव्या शतकांत भरास आला. आमच्या आजोळीं, कोल्हापुरास, एक वृद्ध गृहस्थ बसावयास येत असत. लहानपणीं पाहिलेले चित्ते ते आम्हां मुलांस वर्णून सांगत: डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडींत बसून माळाकडे निघालेला, चित्तेवान त्याच्या पाठीवरून हात फिरवीत बरोबर, आणि संध्याकाळीं तोच चित्ता चित्तेवानाच्या घरीं बाजेवर पडून मांजरासारखा घुरघुरत असलेला. “वाघ गुरगुरतो रे, हा घुरघुरायचा,” असें ते हंसून म्हणत. आम्हांस त्या वेळीं हेवा वाटे. पुष्कळ वर्षांनीं वाचनांत आलें कीं त्यांतले बरेच चित्ते आफ्रिकेंतून विकत आणलेले होते. कारण ह्या देशांतील रानांत धरावयास चित्ता उरलेलाच नव्हता. शौक जिवंत राहिला होता, आणि ज्याच्यावर तो उभा होता तें रान केव्हांच रितें झालें होतें.

सारा दोष राजांच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. इंग्रजी अमलांत चित्त्यास उपद्रवी ठरवून त्याच्या कातड्यामागें बक्षिसें दिलीं गेलीं. बंदुका वाढल्या व काळविटांचे कळप विरळ झाले. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी कीं, ज्या माळावर तो धांवत असे, ती जमीन महसुलाच्या दप्तरांत ‘पडीत’ म्हणून लिहिली गेली. जी जमीन पडीत, ती नांगराखालीं आणणें हें पुण्यकर्मच! उलटपक्षीं, संस्थानिकांनीं शिकारीसाठीं राखलेल्या कुरणांमुळें कांहीं ठिकाणीं काळवीट टिकले, हेंहि कबूल केलें पाहिजे. जहांगीरास अनुवंशशास्त्र ठाऊक नव्हतें. त्यास आजच्या ज्ञानाच्या तराजूंत तोलणें हा इतिहास नव्हे.

शेवट थोडक्यांत सांगतों. १९४७ च्या सुमारास, आजच्या छत्तीसगडांतील कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनीं रात्रीं मोटारीच्या उजेडांत तीन चित्ते मारले. तिन्ही नर होते, बहुधा एकाच वेताचे भाऊ. मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत ही हकीकत प्रसिद्ध झाली, आणि हिंदुस्थानांतील चित्त्याची ती अखेरची निर्विवाद नोंद ठरली. १९५२ सालीं सरकारनें ही जात देशांतून नाहींशी झाल्याचें मान्य केलें. तिचे आशियांतील अगदीं थोडे वंशज आज इराणांत आहेत.

१७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियांतून ८ चित्ते मध्यप्रदेशांतील कुनो येथें आणले गेले, व फेब्रुवारी २०२३ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतून आणखी १२ आले. कांहीं मेले, कांहीं माद्यांस पिलें झालीं. ह्या प्रयोगाविषयीं जाणत्यांत मतभेद आहे, व त्याचा निकाल देण्यास आम्ही अधिकारी नव्हे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट आम्हांस लिहावीशी वाटते. आफ्रिकेंतून चित्ते आणण्याची ही पहिली वेळ नव्हे. कोल्हापुरानें व भावनगरानें तेंच केलें होतें. त्या वेळीं चित्ता आला, पण त्याचें रान परत आलें नाहीं. ह्या खेपेस निराळें कांहीं घडावयाचें असेल, तर तें चित्त्याच्या संख्येंत नव्हे, माळाच्या क्षेत्रांत मोजावें लागेल.

त्या माळाची अवस्था काय आहे? सोलापूरजवळ नान्नज येथें मालढोकासाठीं अभयारण्य झालें, पण मालढोक आज महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसाच झाला आहे. रेहेकुरीस काळवीट आहेत, तेवढेंच समाधान. बाकीच्या माळास आम्ही अजून ‘पडीत’च म्हणतों. झाडें नाहींत म्हणजे तेथें कांहींच नाहीं, ही आमची सुशिक्षितांचीहि समजूत आहे. चित्ता ज्या शब्दानें ओळखला गेला तो शब्द आम्हीं जगास दिला. तो ज्या शब्दाखालीं गाडला गेला, तो ‘पडीत’ शब्दहि आमच्याच दप्तरांतला आहे. पहिला शब्द परत मिळवावयाचा असेल, तर आधीं दुसरा खोडावा लागेल.