टाल्क पावडर आणि कर्करोग : भरपाईच्या दाव्यांत पुरावाच निर्णायक

जयपूर - टाल्कयुक्त पावडरच्या वापरामुळे कर्करोग झाल्याचा आरोप करणारे हजारो दावे अमेरिका व ब्रिटनमधील न्यायालयांत दाखल झाले आहेत. भारतात अशा दाव्यासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींचा आधार घेता येतो. या तरतुदी २० जुलै २०२० पासून लागू आहेत. मात्र आजार त्याच पावडरमुळे झाला, हे दाखवण्याची जबाबदारी मुख्यतः दावेदारावर असल्याने डबा, बिल आणि वैद्यकीय कागदपत्रे जपून ठेवणे महत्त्वाचे ठरते.

खनिज आणि त्यातील भेसळ

टाल्क म्हणजे मराठीत शंखजिरे. राजस्थानात त्याला घिया पत्थर म्हणतात. नखानेही ओरखडा उठेल इतके मऊ असलेले हे मॅग्नेशियमचे खनिज देशात सर्वाधिक राजस्थानात निघते. जयपूर, दौसा, उदयपूर आणि भिलवाडा जिल्ह्यांत त्याच्या खाणी आहेत.

भूगर्भात टाल्कच्या थरांलगत काही ठिकाणी ॲस्बेस्टॉसही आढळते. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग होतो, हे निर्विवाद आहे. हा आजार प्रकट होण्यास अनेकदा वीस ते चाळीस वर्षे लागतात. राजस्थानात पूर्वी ॲस्बेस्टॉसचेही उत्खनन होत असे. केंद्र सरकारने १९८६ मध्ये त्यासाठी नवे खाणपट्टे देणे थांबवले.

शास्त्रज्ञांचे मत

ॲस्बेस्टॉसविरहित टाल्कबाबत मात्र एकमत नाही. ब्रिटनमधील कार्डिफ येथील संशोधकांना १९७१ मध्ये अंडाशयाच्या गाठींमध्ये टाल्कचे कण आढळले. जननेंद्रियांजवळ पावडर वापरणाऱ्या महिलांमध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे अमेरिकेतील १९८२ च्या एका अभ्यासात दिसून आले. याउलट, सुमारे अडीच लाख महिलांच्या माहितीवर आधारित २०२० च्या विश्लेषणात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस संबंध आढळला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ पदार्थांच्या ‘२ अ’ गटात केला. हे वर्गीकरण पुराव्याच्या बळकटीविषयी असते. वापरणाऱ्याला किती धोका आहे, याचे ते मोजमाप नव्हे.

अमेरिकेतील दावे

जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीविरुद्ध अमेरिकेत दावे करणाऱ्यांची संख्या २०२५ मध्ये ६७ हजारांहून अधिक झाली होती. सेंट लुईस येथील ज्यूरीने जुलै २०१८ मध्ये २२ महिलांच्या दाव्यात ४६९ कोटी डॉलर भरपाईचा निर्णय दिला. अपील न्यायालयाने जून २०२० मध्ये ही रक्कम सुमारे २१२ कोटी डॉलरवर आणली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये कंपनीचे म्हणणे ऐकण्यास नकार दिल्याने हा निर्णय कायम झाला. अन्य काही खटल्यांत निकाल कंपनीच्या बाजूनेही लागले.

हे दावे उपकंपनीच्या दिवाळखोरीमार्फत एकत्रित निकाली काढण्याचा प्रयत्न कंपनीने तीन वेळा केला. तिसरा प्रस्ताव ह्यूस्टन येथील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेटाळला. आपली पावडर सुरक्षित असून तीत ॲस्बेस्टॉस नाही, ही कंपनीची भूमिका कायम आहे. टाल्कयुक्त बेबी पावडरची विक्री तिने अमेरिका व कॅनडात २०२० मध्ये, तर जगभर २०२३ मध्ये थांबवली. ब्रिटनमध्ये सुमारे तीन हजार जणांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

भारतातील तपासण्या

भारतात हा विषय प्रामुख्याने औषध नियंत्रण यंत्रणांनी हाताळला. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय यंत्रणेने मुलुंड आणि हिमाचल प्रदेशातील बद्दी येथील कारखान्यांतून नमुने घेतले. त्यांत ॲस्बेस्टॉस नसल्याचे आढळल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राजस्थानसह पाच राज्यांना लहान मुलांच्या पावडरची तपासणी करण्यास सांगितले.

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये मुलुंड येथील बेबी पावडरचा परवाना रद्द केला. नमुन्यातील आम्लता-क्षारता, म्हणजे पीएच, मानकानुसार नसल्याचे कारण त्यासाठी देण्यात आले होते. त्या कारवाईचा कर्करोगाशी संबंध नव्हता. २०१८ मध्ये घेतलेल्या नमुन्यावरून २०२२ मध्ये झालेली ही कारवाई मुंबई उच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२३ रोजी रद्द ठरवली. तपासणीला झालेला विलंब प्रशासनाच्या अंगलट आला. नमुना वेळेत व नियमानुसार तपासला गेला नाही, तर आरोप न्यायालयात टिकत नाही, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

दावा कोठे आणि कसा

नव्या अधिनियमानुसार सदोष उत्पादनामुळे झालेला आजार किंवा मृत्यू यासाठी उत्पादकाकडून भरपाई मागता येते. उत्पादनातील दोष, रचनेतील दोष आणि धोक्याची पुरेशी सूचना न देणे ही त्याची कारणे असू शकतात. कुटुंबातील एकाने विकत घेतलेली पावडर दुसऱ्याने वापरली असली, तरी वापरणारी व्यक्ती ग्राहक ठरते. तिच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारस तक्रार करू शकतात.

आयोगाची अधिकारकक्षा मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. त्यामुळे शंभर रुपयांच्या डब्यावरून केलेला मोठ्या रकमेचा दावाही तेथेच सुरू होतो. जयपूरचा रहिवासी तो जयपूरमध्ये दाखल करू शकतो. कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रार शुल्क नाही. तक्रारीची मुदत दावा करण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. सबळ कारण असल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. वस्तूतील दोष चाचणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवतो.

वीस वर्षांपूर्वी संपलेल्या डब्याचा नमुना मिळत नाही, ही अशा दाव्यांतील खरी अडचण आहे. म्हणून उरलेली पावडर, वेष्टनावरील बॅच क्रमांक, बिल, बायोप्सीचा अहवाल आणि वापराच्या कालावधीची नोंद यांना महत्त्व येते.

खाणकामगारांचा प्रश्न

खाणीत व दळणाच्या गिरणीत काम करणारे मजूर पावडरचे ग्राहक नसल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग त्यांच्यासाठी नाही. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस उद्योगासंबंधीच्या निकालात नमूद केले. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो कालावधी नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचे आदेशही न्यायालयाने दिले.

राजस्थान सरकारने २०१९ मध्ये धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसरोगांसाठी धोरण जाहीर केले. त्यात प्रमाणित रुग्णाला तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये साहाय्याची तरतूद करण्यात आली. हे धोरण मुख्यतः सिलिकोसिससारख्या आजारांसाठी आहे.

ग्राहकांना तक्रारीविषयी मार्गदर्शन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मिळते.