गळपट्टा, पट्ट्यांचा (विणकाम)

दोन टोके नसलेला, डोक्यातून घालायचा, गोल सुईवर विणलेला मफलर. गळपट्ट्याला लोकरच सरस, कारण सुती धाग्यात लवचीकपणा कमी असतो आणि गळपट्टा सैल पडू शकतो. खादी अंगाला सुखद खरी, पण इथे लोकरीची जागा ती घेत नाही.

माप आपल्या हातावर ठरते. आधी नमुना विणून १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजावे. २० बसले, तर ६० सेंमी घेरासाठी १२० टाके घालावेत. दोन सुलट, दोन उलट अशी काठ-वीण हवी असल्यास टाक्यांना ४ ने भाग जायला हवा.

रंग बदलताना पट्ट्याला पायरी पडते. नव्या रंगाची एक फेरी पूर्ण करावी. दुसऱ्या फेरीच्या आरंभी पहिल्या टाक्याखालचा जुन्या रंगाचा टाका उचलून दोन्ही एकत्र विणावेत. पायरी जवळजवळ दिसेनाशी होते. पट्ट्यांची रुंदी मात्र विणणारीने किंवा विणणाऱ्याने मनाजोगी ठेवावी. उरलेल्या लोकरीचे गुंडे इथेच कामी येतात.