वणवा सरकारच्या जंगलात, फांदी आमच्या हातात

दरवर्षी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्राच्या वनखात्याचा वणव्याचा हंगाम. जाळरेषा काढल्या जातात, हंगामी मजूर लावले जातात. तरी डोंगर पेटतोच, आणि दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली: मोहफुलं वेचणाऱ्यांनी, गुराख्यांनी आग लावली. काही ठिकाणी ते खरंही असतं. पण जंगल ज्याच्या मालकीचं, त्याची जबाबदारी काय, हे बातमीत येत नाही. ते आम्ही कायद्यात शोधलं.

१८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी जंगलं राखीव केली. १९२७ चा भारतीय वन कायदा त्याचाच वारस. त्यातलं कलम ७९ वाचा. ज्यांना राखीव वा संरक्षित जंगलात हक्क किंवा परवानगी आहे, त्यांनी वणव्याची खबर द्यायची आणि अधिकाऱ्याने सांगो न सांगो, विझवायला धावायचं. नाही गेलं तर एक महिन्यापर्यंत कैद, दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मजुरीचा शब्द नाही. भाजलं, मेलं तर काय, तेही नाही. शिवाय कलम २६ नुसार राखीव जंगलात मुद्दाम वा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर राज्य सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्क हवे तितके दिवस बंद ठेवू शकतं. काडी एकाची, शिक्षा सगळ्या गावाला.

कलम ७९ मध्ये आणखी एक माणूस आहे: जंगलालगतच्या गावात लोकांच्या सेवेसाठी सरकारकडून मोबदला घेणारा. मुंबई इलाख्यात हा कोण? कागदावर पाटीलही त्यात बसतो. पण रात्री-अपरात्री हाक मारता येईल असा गावकामगार म्हणजे वतनदार महार. फांदी घेऊन डोंगरावर कोणाला पिटाळलं असेल, हे आम्हाला कोणी सांगायला नको. १९२८ च्या मार्चमध्ये, वन कायदा होऊन सहा महिने झाले असताना, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यांचा रोख याच राबणुकीवर होता: कामाला वेळ-काळ नाही, माणूस घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचं, मोबदला नावापुरता. पुढे १९५८ च्या कायद्याने वतन गेलं. कलम ७९ राहिलं.

संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बेगारीला बंदी आहे. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा घेण्याची मुभा राज्याला आहे खरी, पण केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग पाहून भेदभाव करून नाही. जंगलाच्या कडेला कोण राहतं, हे पाहिलं तर ही अट कितपत पाळली जाते?

१९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने 'वने' राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेली. तीच दुरुस्ती वनरक्षण राज्याचं मार्गदर्शक तत्त्व करते आणि नागरिकाचं मूलभूत कर्तव्यही. मार्गदर्शक तत्त्व न्यायालयातून वसूल होत नाही. गावकऱ्यावरचं कलम ७९ मात्र होतं. गंमत इथेच आहे.

२०२४ च्या मे महिन्यात उत्तराखंड पेटलेलं असताना तिथले वनकर्मचारी निवडणुकीच्या कामाला का जुंपले, असं सर्वोच्च न्यायालयाला विचारावं लागलं. जूनमध्ये बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले लोक होरपळून मेले. त्यात फायर वॉचर होता, रोजंदारी मजूर होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. तो वापरा. हंगाम सुरू होण्याआधी ठराव करा आणि माहितीच्या अधिकारात विचारा: आपल्या वनपरिक्षेत्रात वणव्यासाठी किती निधी आला, किती मजूर लावले, त्यांना किती मजुरी दिली, किती जणांचा विमा काढला?