मोहाचं फूल आणि तानसाचं पाणी

पावसाळा लागला की माहुली, माळशेज, सिद्धगडाकडे गाड्यांची रीघ लागते. शहापूर-मुरबाडमध्ये निसर्ग पर्यटनाची चर्चा सुरू आहे. पण शहराला आपल्या रानाची ओढ आजची नाही.

1861 साली रेल्वे कसाऱ्याला पोचली. ठाणे जिल्ह्याच्या रानातलं लाकूड, सरपण, कोळसा मुंबईला जात होता. पुढे 1878 चा वन कायदा आला आणि रानं राखीव होऊ लागली. तंटा पेटला तो राबावरून. भात-नाचणीची रोपं करायची तर जमिनीवर ऐनाचे टहाळे, पाला, शेण पसरून भाजावं लागे. सरकार म्हणे, टहाळे तोडून झाडं बोडकी होतात. शेतकरी म्हणत, राब नाही तर रोप नाही. तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 साली ठाणे-कुलाब्यासाठी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

1892 साली तानसाचं पाणी मुंबईला गेलं. त्याच वर्षी ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं गोळा करण्या-साठवण्यावर बंधनं घालणारा कायदा झाला. दारूवरचा महसूल बुडू नये, हा हेतू. पण मोह म्हणजे नुसती दारू नव्हे. टंचाईच्या दिवसांत तीच फुलं भाजून, उकडून खायची, बियांचं तेल काढायचं. भल्या पहाटे फुलं वेचणाऱ्या बायकांना या कायद्याबद्दल कोण विचारणार होतं?

आता रानाच्या तब्येतीचं बोलू. आपलं रान पानझडीचं. श्रावणात ते हिरवंगार दिसणारच. खरी परीक्षा उन्हाळ्यात. मोठ्या मोहाखाली, ऐनाखाली लहान रोपं दिसतात का, ते बघा. वरचेवर वणवा लागला तर जुनी झाडं तग धरतात, रोपं मात्र जळतात. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला पेटवला तरी तेच होतं. त्यापेक्षा पाला झाडून बाजूला सारावा.

1892 आणि आजच्यात एक मोठा फरक आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने मोहासारख्या गौण वनोपजावर आपली मालकी मानली. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला रान राखण्याचा अधिकारही दिला. वनहक्कांचे ठराव करणाऱ्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी निदान एकतृतीयांश बायका असाव्याच लागतात.

म्हणून पर्यटनाचा विषय निघाला की आधी तिथे जाऊन बसा आणि विचारा: एका दिवशी किती माणसं येणार? उन्हाळ्यात त्यांना पाणी कुठून देणार? कचरा कोण उचलणार? वाटाड्याचे आणि जेवणाचे पैसे कोणाच्या हातात पडणार? सरपणाची आपली वाट बंद तर होणार नाही ना? उत्तरं मिळाली की मग ठरावावर सही करा.