गोव्याची डावी बाजू
भाच्याला लर्निंग लायसन्स काढायचं आहे म्हणून परवा त्याचे नियम घेत बसलो होतो. हेल्मेटचा पट्टा आवळायचा, गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावायचा, मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणाला बसवायचं नाही... सगळं पाठ! मग "गाडी डाव्या बाजूने" म्हणाला आणि थांबला. "मामा, इथे पोर्तुगीज होते ना? मग उजव्या बाजूने का नाही?"

प्रश्न रास्त आहे. पोर्तुगालने 1928 साली डावी बाजू सोडून उजवी धरली. गोवा, मकाव, मोझांबिक मात्र डावीकडेच राहिले. कारण शेजार! आमच्या पेडण्याला आणि डिचोलीला लागून सावंतवाडी संस्थान, तिथे इंग्रजी रिवाज, म्हणजे डावी बाजू. नाहीतर पत्रादेवीच्या हद्दीवर दोन गाड्या समोरासमोर आल्या असत्या. 1961 साली पोर्तुगीज गेले, कायदे बदलले, चलन बदललं. रस्त्याची बाजू तेवढी बदलावी लागली नाही.

आता हायवेवर उलट्या बाजूने येणारे स्कूटरवाले दिसतात, तेव्हा वाटतं, 1928ची बातमी यांना आत्ता पोचली की काय!