एक नाव, दोन मासे

ऑगस्ट १९१६ मध्ये चिलीच्या एका छोट्या जहाजाने अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावरून २२ माणसं सोडवून आणली. शॅकल्टनच्या ‘एंड्युरन्स’ मोहिमेतली ही माणसं. त्यांचं जहाज बर्फात चिरडून बुडालं होतं आणि साडेचार महिने ती उपड्या घातलेल्या होड्यांखाली, सील आणि पेंग्विन खाऊन जगली होती. ही गोष्ट अनेकांनी वाचलेली असते. त्या बावीस जणांत रॉबर्ट क्लार्क नावाचा एक स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ होता, हे मात्र सहसा लक्षात राहत नाही. मोहिमेत त्याने जमवलेले नमुने जहाजाबरोबर गेले. तो परतला, महायुद्धात नौदलात राहिला, आणि नंतर आयुष्यभर माशांचं काम करत राहिला.

आज लिहायचं आहे ते त्याने १९२६ साली, कोरड्या जमिनीवर, टेबलाशी बसून घेतलेल्या एका निर्णयाबद्दल.

त्याआधी हा मासा कोणता ते सांगतो. आपल्या बाजारात पाकट येतं. चपटं, पतंगासारखं, मागे चाबकासारखी शेपटी. स्केट हा त्याच मोठ्या कुळातला मासा. मुशीसारखाच त्याचाही सांगाडा हाडांचा नसतो, कुर्च्यांचा असतो. पण दोन फरक महत्त्वाचे आहेत. शेपटीवर विषारी काटा असलेलं पाकट पिल्लांना जन्म देतं, तर स्केट अंडी घालतो. हे अंडं म्हणजे चार टोकांना शिंगं असलेली, चामड्यासारखी चौकोनी पिशवी. युरोपच्या किनाऱ्यावर रिकाम्या पिशव्या वाहून येतात, लोक त्यांना जलपरीचा बटवा म्हणतात. दुसरा फरक वस्तीचा. पाकटांना उथळ, उबदार पाणी मानवतं. स्केटला थंडी आणि खोली. उष्ण कटिबंधातही स्केट आहेत, पण ते बहुतेक खाली, जिथे पाणी गार आणि उजेड कमी, तिथे. म्हणूनच कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसालाही स्केट ओळखीचा नसतो.

उत्तर युरोपात मात्र तो घरचा मासा. लिनिअसने १७५८ साली त्याला ‘राया बॅटिस’ असं नाव दिलं. इंग्रजीत त्याला ‘कॉमन स्केट’ म्हणत, म्हणजे नेहमीचा, सर्रास मिळणारा. मग एकोणिसाव्या शतकात हौशी आणि अभ्यासू माणसांनी प्रत्येक बंदरात नवी नावं द्यायला सुरुवात केली. रिसो या निसर्गअभ्यासकाने १८२६ मध्ये ‘फ्लॉसाडा’ हे नाव दिलं. स्कॉटलंडमधल्या फर्थ ऑफ फोर्थ खाडीच्या माशांवर लिहिणाऱ्या रिचर्ड पार्नेलने १८३७ मध्ये ‘इंटरमीडिया’ नावाचा वेगळा स्केट नोंदवला. नावं वाढत गेली, गोंधळही वाढत गेला. स्केटचा रंग जागेनुसार बदलतो, वयानुसार काटे बदलतात, नर-मादीत फरक असतो. त्यामुळे एकाच माशाला पाच नावं पडणं सहज शक्य होतं.

हा पसारा आवरण्याचं काम क्लार्कने हाती घेतलं. तो काही टेबलावरचा पंडित नव्हता. १९२२ मध्ये त्याने स्केटच्या अंड्यांवर आणि पिल्लांवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि त्यानंतर १९२६ मध्ये स्कॉटलंडच्या मत्स्य मंडळासाठी युरोपातल्या सगळ्या स्केट जातींची फेरमांडणी केली. काम पक्कं होतं, पुढच्या पिढ्या त्यावरच उभ्या राहिल्या. या फेरमांडणीत त्याने अनेक जादा नावं रद्द केली. त्यात पार्नेलचा ‘इंटरमीडिया’ही गेला. दोन्ही मासे एकच, नाव एकच: बॅटिस.

मतदार यादीत सारख्या नावाची दोन माणसं दिसली की दुबार नोंद समजून एक नाव काढून टाकतात, तसंच हे. काढणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला यादी स्वच्छ करायची असते. ज्याचं नाव गेलं त्याला ते मतदानाच्या दिवशी कळतं.

स्केटला कळायला ऐंशी वर्षं लागली.

मधल्या काळात वाफेचे आणि मग डिझेलचे ट्रॉलर आले. समुद्राचा तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्यात मोठा चपटा मासा हमखास सापडतो. त्यातून स्केटचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हाच वीतभर रुंद असतं, म्हणजे पहिल्या दिवसापासून जाळ्याच्या मापात. १९८१ मध्ये कीथ ब्रँडर या शास्त्रज्ञाने ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला: आयरिश समुद्रातून कॉमन स्केट नाहीसा झाला आहे. मासेमारीमुळे एखादा समुद्री मासा एका अख्ख्या समुद्रातून पुसला गेल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण त्याआधी कोणी मांडलं नव्हतं. विशेष म्हणजे कोणाच्या फारसं लक्षातच आलं नव्हतं. सगळे स्केट एकत्र मोजले जात, आणि मोठा मासा कमी झाला तरी लहान जातींनी आकडा भरून निघत असे.

यानंतरचा धडा फ्रान्समधला. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या काँकार्नो इथल्या सागरी केंद्रातला सॅम्युएल इग्लेसियास आणि त्याचे सहकारी बंदरावर उतरणारे स्केट एकेक करून तपासू लागले. स्केटचे फक्त पंख खातात, आणि ते कातडी सोलून विकले जातात. सोललेल्या पंखावरून जात सांगणं कोणाच्याही आवाक्याबाहेरचं. म्हणून त्यांनी अख्खे मासे पाहिले, मापं घेतली, जनुकं तपासली. कागदावर दोन जातींच्या नावाने उतरणाऱ्या मालात प्रत्यक्षात पाच जाती निघाल्या. आणि ज्याला ‘बॅटिस’ म्हणत होते, ते दोन वेगळे मासे होते. एकाचे डोळे फिकट पिवळे, दुसऱ्याचे गडद हिरवट. शेपटीवरच्या काट्यांची ठेवण वेगळी. स्पिरिटच्या बरणीत डोळ्यांचा रंग टिकत नाही, हेही लक्षात घ्या. संग्रहालयातल्या बरण्या बघून ही खूण सापडणं अवघडच होतं.

पण खरी गोष्ट आकाराची. लहान जात सुमारे १.४ मीटरपर्यंत वाढते, मोठी २.२ मीटरच्याही पुढे जाते. लहान जातीची मादी साधारण १.२ मीटरला वयात येते. मोठीची जवळजवळ २ मीटरला. आता दोघींना एकच समजून नियम करायला बसा. १.२ मीटरची मादी दिसली की ‘ही प्रौढ आहे, हिने अंडी घातली असतील’ असं तुम्ही धराल. लहान जातीत ते खरं. मोठ्या जातीत ते अजून लेकरू असतं, अंडी घालायला त्याला पुढची बरीच वर्षं हवी असतात. एका नावाखाली एक मासा तग धरत होता आणि दुसरा संपत चालला होता, आणि सरासरीत हे दिसत नव्हतं.

हा अभ्यास २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या दुसऱ्या गटाने जनुकांवरून हाच निष्कर्ष काढला. पुढे लहान जातीकडे ‘डिप्टुरस बॅटिस’ हे लिनिअसचं नाव राहिलं आणि मोठीला पार्नेलचं नाव परत मिळालं: डिप्टुरस इंटरमीडियस. क्लार्कने खोडलेलं नाव नव्वद वर्षांनी पुन्हा यादीत आलं. दोन्ही जाती आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या रकान्यात आहेत. मोठा स्केट मुख्यतः स्कॉटलंडच्या पश्चिम आणि उत्तर किनाऱ्याजवळच्या खोल दऱ्यांत उरला आहे. स्काय बेटाजवळ त्याच्या अंड्यांची जागा सापडली, तेव्हा २०२१ मध्ये स्कॉटिश सरकारने तो तळ तातडीने संरक्षित केला. तिथे एका अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला दीड वर्षाच्या आसपास लागतं. तेवढा काळ ती पिशवी दगडांच्या फटीत पडून असते. वरून एक जाळं गेलं की संपलं.

क्लार्कला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याच्या हाती होतं त्यातून त्याने प्रामाणिकपणे यादी लावली. दोष द्यायचाच तर नंतरच्या ऐंशी वर्षांत ती यादी कोणी उघडून पाहिली नाही, याला द्यावा.

आणि हा झाला मासळीबाजारात रोज दिसणारा मासा. स्केटच्या जाती तीनशेच्या आसपास, त्यांतल्या बऱ्याचशा अशा खोलीवर राहतात की माणसाने त्यांना जिवंत पाहिलेलं नाही. जपानच्या रेइझो इशियामाने १९५८ मध्ये खोल पाण्यातल्या मऊ नाकाच्या स्केटसाठी ‘बाथिराजा’ हा गट वेगळा काढला. आज स्केटमधला सर्वांत मोठा वंश तोच, पन्नासहून अधिक जातींचा. बाहेरून हे मासे एकमेकांसारखे दिसतात. म्हणून अभ्यासकांना नराच्या पोटाखालचे जोड अवयव आणि कवटीच्या कुर्च्या उघडून पाहाव्या लागल्या.

त्यांच्या वस्तीबद्दलची माहिती अशीच तुकड्यातुकड्यांनी येते. बाथिराजा स्पिनोसिसिमा हा पांढुरका स्केट विल्यम बीबी आणि जॉन टी-व्हॅन यांनी १९४१ मध्ये पॅसिफिकमधून नोंदवला. तो अंडी कुठे घालतो हे कळायला २०१५ उजाडलं. गॅलापागोस बेटांजवळ सुमारे १,६०० मीटर खाली, समुद्रतळातून उकळतं काळं पाणी फेकणाऱ्या धुरांड्यांच्या आसपास, यंत्रमानवाच्या कॅमेऱ्यात १५७ अंडी दिसली. निम्म्याहून जास्त अंडी धुरांड्यांपासून २० मीटरच्या आत. बाकीच्या गार तळापेक्षा तिथलं पाणी किंचित उबदार असतं. त्या उबेने अंडी लवकर फुटत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कोंबडी अंड्यांवर बसते, या मादीने ते काम ज्वालामुखीवर सोपवलेलं.

आपल्या समुद्रातली सुरुवातही जुनी आहे. मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेली ‘इन्व्हेस्टिगेटर’ ही आगबोट नकाशे काढण्यासाठी किनाऱ्याने फिरत असे. तिच्यावर एक डॉक्टर असे, आणि फावल्या वेळात जाळं खोल सोडून तो जीव गोळा करी. १८८८ पासून चार वर्षं हे काम आल्फ्रेड अल्कॉकने केलं, पुढे तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला. १८९९ मध्ये त्याने भारतीय समुद्रातल्या खोल पाण्याच्या माशांची वर्णनात्मक यादी छापली. त्रावणकोरच्या किनाऱ्यासमोर सापडलेल्या एका स्केटला त्यात नाव मिळालं. आज तो मासा डिप्टुरस जोहानिसडेव्हिसी म्हणून ओळखतात. वंश तोच, डिप्टुरस, ज्यात क्लार्कची चूक घडली.

त्याच किनाऱ्यावर गेल्या दोन-अडीच दशकांत खोल पाण्यातल्या कोळंबीसाठी ट्रॉलर शेकडो मीटर खाली जाळं सोडतात. कोळंबीबरोबर खोल पाण्यातल्या मुशी वर येतात, स्केटही येतात. आपल्याकडे मासळीच्या वार्षिक आकड्यांत ‘स्केट’ असा एक रकाना पूर्वीपासून आहे. पण त्या रकान्यात वर्षानुवर्षं मोजला गेलेला मासा मुख्यतः गिटारफिश आहे: पुढून पाकटासारखा, मागून मुशीसारखा, उथळ पाण्यात राहणारा, स्केट नसलेला.