दफ्तराची साठवण आणि दफ्तराची राखण

पेढ्या, कारखाने आणि सरकारी खातीं यांच्या माहितीची साठवण हा आज एक स्वतंत्र आणि अवाढव्य उद्योग होऊन बसला आहे. त्याचा इतिहास अमेरिकेपासून सांगण्याची रीत आहे. मी तो पुण्यापासून सांगणार आहें. कारण या उद्योगापुढें आज जो प्रश्न आहे, तो आपल्या दफ्तरखान्यांनीं पूर्वींच पाहिलेला आहे.

पेशव्यांचें दफ्तर इ. स. १८१८ मध्यें इंग्रजांच्या हातीं गेलें. कोणाची जमीन इनाम आणि कोणाची धाऱ्याची, हें ठरविण्यास त्या कागदांएवढा भक्कम आधार दुसरा नव्हता. पुढें इनाम कमिशननें त्यांचाच उपयोग करून लोकांचे हक्क तपासले आणि कित्येकांचीं इनामें काढून घेतलीं. दफ्तर ज्याच्या ताब्यांत, निवाडाहि त्याच्याच हातीं, हा धडा तेव्हां अनेक घराण्यांस मिळाला. १८९१ मध्यें पुण्यास या दफ्तरासाठीं इमारत झाली. हजारों रुमालांत बांधलेले मोडी कागद तेथें आजहि आहेत. तथापि १९३० पासून पुढील चार-पांच वर्षांत रियासतकार सरदेसाई यांनीं त्यांतील निवडक कागद ४५ भागांत संपादून प्रसिद्ध करीपर्यंत, सामान्य वाचकास ते असून नसल्यासारखेच होते.

आतां यंत्रांकडे वळूं. छिद्रें पाडलेल्या पत्त्यांवर किंवा फितीवर माहिती ठेवीत, त्या काळीं हवी ती नोंद सांपडेपर्यंत सारा गठ्ठा उपसावा लागे. १९५६ मध्यें आयबीएम कंपनीनें ‘रॅमॅक’ हें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारें एक टन होतें, आणि मावत होतीं ५० लाख अक्षरें, म्हणजे दहा-बारा जाडजूड ग्रंथ. परंतु त्याचा हात थेट हव्या त्या तबकडीवर जाई. जणूं रुमाल न सोडतां मधलाच कागद बाहेर यावा. आज तळहाताएवढ्या पेटींत त्याच्या सुमारें ६० लाख पट मजकूर मावतो.

१९८८ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनीं असा विचार मांडला कीं, एका महाग तबकडीऐवजीं अनेक स्वस्त तबकड्या जोडाव्या आणि एक बंद पडली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा काढतां यावा, अशी योजना ठेवावी. २००६ मध्यें ॲमेझॉन कंपनी साठवणीची जागा भाड्यानें देऊं लागली; स्वतःचें कोठार न बांधतां परक्याच्या वखारींत पोतीं ठेवावीं, तसा हा व्यवहार. पुण्यांत २००८ मध्यें निघालेल्या ‘द्रुवा’ कंपनीचा व्यवसायच मुळीं इतरांच्या माहितीच्या जादा प्रती सांभाळण्याचा आहे. एप्रिल २०१८ मध्यें रिझर्व्ह बँकेनें देशांतील पैशांच्या देवघेवीच्या नोंदी भारतांतच ठेवण्याचा आदेश दिला. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्यास लागतात; त्यामुळें महापे, पनवेल या बाजूस अशीं मोठीं कोठारें, ज्यांस ‘डेटा सेंटर’ म्हणतात, उभीं राहिलीं आहेत.

मग चिंता कसली? चिंता अशी कीं, जागा जितकी वाढली, तितकें त्या साधनांचें आयुष्य वाढलें नाहीं. तबकडी थोड्याच वर्षांत बदलावी लागते. चुंबकीय फीत नीट ठेवल्यास तीसेक वर्षें टिकते, परंतु ती वाचणारें यंत्र बहुधा तत्पूर्वींच कालबाह्य होतें. २१ जून २०१२ रोजीं मंत्रालयास आग लागून पुष्कळ कागदपत्रें जळालीं, तेव्हां सर्व कांहीं संगणकावर असावें, असें वाटणें स्वाभाविक होतें. पण नोव्हेंबर २०२२ मध्यें दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाच्या संगणकांवर घाला पडला आणि तेथील कारभार कित्येक दिवस पुन्हा कागदावर चालवावा लागला. म्हणून जाणते लोक सांगतात: प्रती तीन असाव्या, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी अन्य गांवीं असावी. त्यांतील मजकूर परत निघतो कीं नाहीं, हें मधून मधून पाहावें.

मी राहतों तें वडवणी बीड जिल्ह्यांत. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली आणि मराठवाड्याच्या कचेऱ्यांतील जुन्या वह्यांतून ‘कुणबी’ अशा नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादांत मी येथें शिरत नाहीं. परंतु वह्या शाबूत असूनहि त्यांतील मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले, हें ध्यानांत घ्यावें. आजोबा-पणजोबांच्या नांवापुढील एका शब्दावर नातवाचा दाखला अडलेला, आणि तो शब्द वाचणारा गांवांत कोणी नाहीं!

आज आमच्या शेतकऱ्यांचा सातबारा संगणकावर आहे आणि तलाठ्याच्या कचेरीवर न जातां त्याचा उतारा मिळतो, ही मोठी सोय झाली. तथापि असें कोठार घेतांना त्यांत किती मावतें, एवढेंच विचारून भागणार नाहीं. दर किती वर्षांनीं या नोंदी नव्या साधनावर उतरविल्या जातील, तें काम कोणाकडे राहील, आणि पन्नास वर्षांनीं त्या वाचणारें यंत्र व माणूस कोठें भेटेल, हेंहि करारांत लिहून घेतलें पाहिजे. आपल्या घरच्या खरेदीखतांविषयीं आपणहि हाच प्रश्न आज घरांत विचारावा.